अचूकपणा लोखंडाच्या भावाने विकू नका

गेल्या मे महिन्यात एका संस्थेच्या वर्कशॉपचं भंगार निघालं. ढिगात एक जुना डायल गेज, म्हणजे बारीक फरक काट्याने दाखवणारं मापनाचं साधन, दिसला. काच पिवळी पडलेली, प्लंजर अर्ध्यावर अडकलेला. भंगारवाल्याने तो तराजूत टाकून लोखंडाच्या भावाने मला दिला. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत तीस वर्षं टूलरूममध्ये काढलेल्या माझ्या जिवाला ते लागलं.

घरी मागचं झाकण उघडलं आणि दुखणं कळलं. प्लंजर जड चालतो म्हणून कुणीतरी मशीनचं तेल सोडलं होतं. तेलावर धूळ बसते, चिकटा धरतो, मग काटा जागेवर परतत नाही. प्लंजरला तेल घालायचं नसतं! सगळं पेट्रोलने धुतलं. वाकलेली हेअरस्प्रिंग मात्र माझ्या बोटांना जमेना. नवी पेठेतल्या घड्याळवाल्या चाचांनी डोळ्याला भिंग लावून ती चिमट्याने सरळ केली. चक्रांच्या दातांमधली ढिलाई ही स्प्रिंग ओढून घेते. ती बिघडली, की प्लंजर वर जाताना काटा एक आकडा दाखवतो, खाली येताना दुसरा.

मग एका मित्राच्या टूलरूममध्ये तो स्लिप गेजवर, म्हणजे नेमक्या मापाच्या ठोकळ्यांवर, तपासला. आधी रात्रभर गेज आणि ठोकळे एसी खोलीत शेजारी ठेवले. मापनासाठी जगभर ठरलेलं तापमान 20 अंश, आणि आपल्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. 100 मिलिमीटरचा पोलादी तुकडा 40 अंशांवर सुमारे 0.023 मिलिमीटरने वाढतो. डायलवर एक रेघ 0.01 ची, म्हणजे दोन रेघा नुसत्या उन्हाच्या!

हे स्लिप गेज मुळात बंदुकीच्या कारखान्यातून आले. स्वीडनच्या सरकारी रायफल कारखान्यातल्या योहान्सन या कारागिराला 1896 मध्ये ही कल्पना सुचली: हजारो मापं जुळवायला 102 ठोकळे पुरे. काडतूस चेंबरमध्ये सैल बसलं तर कवच फाटू शकतं, लांब झालं तर बोल्ट बंद होत नाही. तिथे मापाशी खेळ चालत नाही. 1869 च्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यापासून सोलापुरात घडणाऱ्या कॅमशाफ्टपर्यंत सगळ्यांचा भरवसा अशाच मापांवर आहे.

नवा गेज सहज मिळतो, मग जुन्यात जीव का घालायचा, असं मला विचारतात. उत्पादनाला प्रमाणपत्र असलेला नवाच गेज वापरावा, याबद्दल माझं दुमत नाही. पण आकडा कुठून येतो आणि कधी फसवतो, हे पोरांना डिजिटल पडद्यावर दिसत नाही. झाकण उघडून रॅक, पिनियन आणि स्प्रिंग हाताळली, की ते कळतं.

म्हणून आयटीआय, तंत्रनिकेतनं आणि कारखान्यांना माझी कळकळीची विनंती आहे. लिलावाआधी मापनाची साधनं ढिगातून वेगळी काढा. वर्कशॉपच्या कोपऱ्यात दुरुस्तीचं एक टेबल मांडा. आठवड्यातून एकदा निवृत्त टूलरूमवाल्याला बोलवा, शेजारी घड्याळजीलाही बसवा. दोघांची विद्या हातातच राहते. हात थकले की ती संपते.

माझ्या गेजमध्ये शेवटच्या दोन मिलिमीटरला दीड रेघेचा फरक राहिलाच. तो मी लपवला नाही. डबीवर चिठ्ठी चिकटवली: ‘पहिल्या आठ मिलिमीटरपुरताच वापरावा.’ येत्या सत्रात हा गेज मी शिकाऊ पोरांच्या हातात देणार आहे, चिठ्ठीसकट.