यादीत सगळ्यांची कामं, माझं कुठे?

डेव्हिड ॲलन यांचं ‘गेटिंग थिंग्ज डन’ 2001 मध्ये आलं. डोक्यातलं सगळं कागदावर उतरवा, प्रत्येकाची पुढची कृती ठरवा, आठवड्याला आढावा घ्या. पद्धत चांगली आहे, मीही वापरतो. माझं भांडण तिच्या क्रमाशी आहे.

ॲलन सहा पातळ्या सांगतात. तळाशी रोजची कामं, वर चढत गेलं की ध्येयं, अगदी वर जगण्याचा हेतू. आधी तळ आवरा, मग वर बघणं सोपं जाईल, असा त्यांचा सल्ला. अहो, शिक्षकाचा तळ कधी आवरतो? यू-डायसची माहिती, पोषण आहाराची नोंद, शिष्यवृत्तीचे अर्ज. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून अशैक्षणिक कामं देऊ नका म्हणतं, पण त्या निवडणुकाच काय थोड्या आहेत? त्यात ‘दोन मिनिटांचं काम लगेच उरका’ हाही ॲलन यांचाच नियम. अशी दोन-दोन मिनिटं जोडत गेलं की शाळा सुटते.

यादीतल्या प्रत्येक कामामागे कुणीतरी उभं असतं: मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, पालक, घरी अम्मी. माझ्या ध्येयामागे कुणी नाही. उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी मला एक छोटा कोश करायचाय, दोन्ही भाषांत असलेल्या पण अर्थ बदललेल्या शब्दांचा. ‘प्रयत्नांची शिकस्त’ वाचलं की मुलाला वाटतं, प्रयत्न हरले. उर्दूत शिकस्त म्हणजे पराभव. उर्दूतला राजीनामा म्हणजे समेट, मराठीत मात्र नोकरी जाते! हा कोश कुणी मागितलेला नाही, त्याला शेवटची तारीख नाही. ॲलन यांच्याकडे अशा इच्छांसाठी ‘कधीतरी, कदाचित’ अशी यादी असते. कब्रस्तानच ते.

म्हणून मी क्रम उलटा धरतो. दिवसाची पहिली ओळ माझी. तीही ‘कोश पूर्ण करणे’ अशी नाही. ‘‘श’चे पाच शब्द तपासणे’ अशी. वेळ, फजरनंतरचा अर्धा तास. रविवारच्या आढाव्यात किती कामं उरकली हे नंतर. आधी कोशाला किती दिवस हात लागला, ते.

कौमची खिदमत सोडून स्वतःचं काय घेऊन बसलात, असं विचारणारे आहेत. कोश कुणासाठी चाललाय म्हणे?

शिक्षिकांचं याहून अवघड. त्यांची पहाट डब्यांत जाते. त्यांना ‘लवकर उठा’ सांगणाऱ्या वक्त्यांनी आधी त्यांच्या घरातल्या पुरुषांना उठवून डबे भरायला लावावेत.