अभ्यास की हौस?

मराठीच्या अध्यापकाला लंडनमध्ये काय काम, असे आम्हांला हसत विचारले जाते. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय (1893) आणि कल्याणचे सार्वजनिक वाचनालय (1864) हे आमचे हक्काचे आधार आहेतच. पण एकोणिसाव्या शतकातील मराठी मुद्रित पुस्तकांचा मोठा संग्रह लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. जे. एफ. ब्लूमहार्ट यांनी त्याची सूची 1892 मध्येच छापली होती. ज्या पुस्तकाची प्रत इथे सापडत नाही, त्यासाठी समुद्र ओलांडावा लागतो.

अशा कामासाठीच सबॅटिकल असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीने सात वर्षांच्या सेवेनंतर ही रजा पूर्ण वेतनासह मान्य केली आहे. म्हणजे अभ्यास हा अध्यापकाच्या कामाचाच भाग आहे, हे शासनाला मान्य आहे. आयकर कायद्याला मात्र ते मान्य नाही.

डोंबिवलीचा वकील व्यवसायाच्या कामासाठी लंडनला गेला, तर त्याचा प्रवासखर्च उत्पन्नातून वजा होतो. अध्यापकाचे उत्पन्न 'वेतन' या शीर्षाखाली मोडते. तिथे पदरच्या खर्चाला जागा नाही. आहे ती सर्वांना सारखी प्रमाणित वजावट. 2005 च्या अर्थसंकल्पाने ती काढून घेतली, 2018 मध्ये ती परत आली, आणि 2024 मध्ये नव्या करपद्धतीत ती 75,000 रुपये झाली. पुस्तक न उघडणाऱ्यालाही ती तेवढीच मिळते.

एक अपवाद होता. 1962 च्या आयकर नियमांतील 2बीबी नुसार, संस्थेने संशोधनासाठी दिलेला भत्ता प्रत्यक्ष खर्चापुरता करमुक्त होता. 2020 मध्ये नवी करपद्धती आली तेव्हा तीत कार्यालयीन दौऱ्याचा भत्ता करमुक्त राहिला, संशोधनाचा वगळला गेला. दौरा म्हणजे काम आणि अभ्यास म्हणजे हौस, असाच याचा अर्थ.

सवलत दिली तर संशोधनाच्या नावाखाली सहली निघतील, हा आक्षेप अगदीच निराधार नाही. पण वकिलाच्या बाबतीतही ती शक्यता असते. म्हणून कोणी त्याची वजावट रद्द केली नाही, कागदपत्रे तपासली. आमचीही तपासावीत : रजेचा आदेश, पावत्या, कामाचा अहवाल. मंजूर सबॅटिकलमधील खर्चाला ठरावीक मर्यादेपर्यंत वजावट मिळावी, एवढीच आमची मागणी आहे. एरवी ती पुस्तके ज्यांना परवडेल तेच वाचतील, आणि आमचे विद्यार्थी त्यांचे निष्कर्ष वहीत उतरवून घेत राहतील.