दुखण्याची वही

होमिओपाथीच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्यांची थट्टा सगळेच करतात. मला मात्र गोळीपेक्षा तिच्याआधी होणारी जबानी मोलाची वाटते. तहान किती लागते, झोप कोणत्या कुशीवर येते, दुखणे पहाटे वाढते की दिवेलागणीला, हे सारे डॉक्टर विचारतात आणि लिहून घेतात.

ही शिस्त हानेमानची. १८१० साली प्रथम निघालेल्या त्याच्या ‘ऑर्गनॉन’ ग्रंथातला उपदेश असा, की रोग्याला मध्येच तोडू नये, त्याचेच शब्द लिहावेत आणि प्रत्येक तक्रार नव्या ओळीवर घ्यावी. म्हणजे मागाहून आठवलेले तिथेच जोडता येते. त्याच्या स्वतःच्या रोगी-वह्या जर्मनीत श्टुटगार्टला आजही जपलेल्या आहेत.

गोळीचे म्हणाल, तर २०१५ साली ऑस्ट्रेलियाच्या सरकारी आरोग्य संशोधन परिषदेला, ती कोणत्याही आजारावर गुणकारी असल्याचा भरवशाचा पुरावा सापडला नाही. पण कागदाचे तसे नाही. ‘रात्री घाम येतो, पोलकी सैल झाली,’ हे आजींचे शब्द जसेच्या तसे उतरले, तर क्षयाची शंका येऊन तपासणी वेळेवर होते. सूनबाईंनी मध्येच ‘वयच झालंय त्यांचं!’ म्हटले, की ती ओळ कायमची हुकते.

लक्ष्मीपूजनाला आपण जमाखर्चाची वही पूजतो. यंदा तिच्याशेजारी एक दुखण्याची वही ठेवा. तारीख, तक्रार, चालू औषधे. आणि शब्द ज्याचे त्याचे. डॉक्टर कोणत्याही पॅथीचे असोत, ती त्यांच्या उपयोगी पडेल.