उपमा द्या, आणि वर्गातच ती मोडू द्या

आठवीच्या ‘पेशी व पेशीअंगके’ या पाठात उपमा नकोत, असा एक आग्रह आहे. पेशीला कारखाना म्हटले की मुलांच्या लक्षात कारखाना राहतो नि पेशी निसटते. शिवाय उत्तरपत्रिकेत व्याख्याच लागते, असे हा आग्रह धरणाऱ्यांचे म्हणणे.

यातला कारखान्याचा आक्षेप मला मान्य आहे. ‘केंद्रक म्हणजे पेशीचा मेंदू’ असे सर्रास शिकवतात. पण माणसाच्या परिपक्व तांबड्या रक्तपेशीत केंद्रकच नसते, तरी ती सुमारे १२० दिवस प्राणवायू वाहते. ही उपमा नावाला नाव चिकटवते; केंद्रक करते काय, हे सांगत नाही. मात्र हा दोष आळशी उपमेचा. आणि व्याख्या तरी कुठे निर्मळ आहे? ‘तंतुकणिका हे पेशीचे ऊर्जाकेंद्र’ हे घोकून घेतलेले वाक्य उपमाच आहे, फक्त कधी न उलगडलेली.

ती उलगडायला पुणे जिल्ह्यातल्या भोरइतकी सोयीची जागा नाही. तिथल्या वेळवंडी नदीवरचे भाटघर धरण १९२८ साली पुरे झाले. तिथे साडेतेवीस टीएमसी पाणी भिंतीआड तुंबते, आणि खाली येताना टर्बाइन फिरवून वीज देते. तंतुकणिकेच्या आतल्या पटलाशी असेच काम चालते. अन्नातल्या ऊर्जेच्या बळावर प्रोटॉन पटलापलीकडे ढकलले जातात, तिथे साचतात, आणि परतताना एटीपी सिंथेज नावाच्या प्रथिनातून वाहतात. त्या प्रथिनाचा एक भाग खरोखर गरगर फिरतो, त्यातून एटीपी हे पेशीला ऊर्जा पुरवणारे संयुग बनते. पीटर मिचेल यांना १९७८ चे नोबेल मिळवून देणारा हा विचार ‘नेचर’च्या ८ जुलै १९६१ च्या अंकात आला. चारच दिवसांनी, १२ जुलैला, वेल्हे भागातले पानशेत धरण फुटले. त्या आपत्तीची आठवण या भागात अजून सांगितली जाते. ती वर्गातही निघावी. भिंत गेली की पाणी तेवढेच असते, पण ते टर्बाइन फिरवत नाही. पटल गळू लागले तर एटीपी बनत नाही, ऊर्जा उष्णता होऊन जाते.

इथवर येऊन थांबणारे शिक्षकही चुकतात. शॉन ग्लिन यांनी १९९१ साली मांडलेल्या अध्यापनपद्धतीत, उपमा कुठे तुटते ते दाखवणे ही स्वतंत्र पायरी आहे. आपल्या वर्गात नेमकी तीच गळते. वेल्ह्यात पेशीपटलासाठी राजगड किल्ला घ्यावा: पाली, गुंजवणे, आळू हे दरवाजे ये-जा रोखतात, सोडतात. मग मुलांनीच सांगावे की तटाचे दगड जागचे हलत नाहीत, पेशीपटलातले रेणू मात्र सतत सरकत असतात.

भाटघरचेही तसेच. धरण पावसाने भरते. तंतुकणिका आपला साठा स्वतः चढवते. धरणाची गळती नुकसानच करते. तान्ह्या बाळाच्या तपकिरी चरबीत प्रोटॉनची गळती मुद्दाम होते, त्या उबेवर बाळ तगते. आणि धरणापासून दुसरे धरण होत नाही, तंतुकणिका मात्र दुभागून वाढतात, त्यांना स्वतःचा डीएनए असतो. असे का, हा प्रश्न मुलांकडून आला की लिन मार्ग्युलिस यांचा १९६७ चा सिद्धान्त सांगायची वेळ झाली: तंतुकणिकेचे पूर्वज स्वतंत्र जगणारे जिवाणू होते.