महाराणी जमनाबाईंच्या रुग्णालयास अनावृत पत्र

मा. अधीक्षक,
जमनाबाई सर्वसाधारण रुग्णालय, मांडवी, बडोदे यांसी,



आपल्या रुग्णालयास ज्या महाराणींचे नाव आहे त्यांच्या एका गर्भारपणाची आठवण आपणांस करून द्यावी, आणि त्या आठवणीच्या आधारे एक अर्ज आपल्या दप्तरी गुदरावा, एवढाच या पत्राचा हेतू आहे. २८ नोव्हेंबर १८७० रोजी त्यांचे पती खंडेराव महाराज निवर्तले त्या समयी जमनाबाई गर्भवती होत्या. आणि वडील बंधू खंडेरावांविरुद्ध कट केल्याच्या आरोपावरून पादरा येथे ज्यांना कैदेत ठेवले होते त्या मल्हाररावांना इंग्रज सरकारने गादीवर बसविले खरे, परंतु राणीस पुत्र झाल्यास वारसा त्याचा, ही अट कायम राखून. ज्या जीवाचे पुत्ररूपाने जन्मास येणे राज्यकर्त्यालाच परवडणारे नव्हते, तो जीव उदरी वागविणाऱ्या स्त्रीने, आपल्या प्राणास धोका आहे हे ओळखून, राजवाडा सोडून इंग्रज रेसिडेंटाच्या संरक्षणाखाली दिवस काढावेत, यात नवल ते कोणते? जुलै १८७१ मध्ये कन्या झाली, तिचे नाव ताराबाई; मल्हाररावांचा मार्ग निष्कंटक झाला आणि महाराणी पुण्यास गेल्या. पुढे १८७५ मध्ये परतून त्यांनी कवळाण्याच्या गोपाळरावांना दत्तक घेतले, हे बडोदेकरांना सांगावयास नको.

या वृत्तान्तात मला महत्त्वाचे वाटते ते असे की, राणीचे चित्त स्थिर राहावे म्हणून तिला कोणी केवळ उपदेश केला असता तर तो निरर्थक ठरला असता. तिला निर्भय छप्पर हवे होते, आणि ते तिच्यासाठी इतरांनी सिद्ध करावयाचे होते. आज मात्र जिच्या रक्तदाबाचा आकडा १४०/९० ला पोहोचला, जिचे हिमोग्लोबिन ७ च्या खाली उतरले, जिच्या पोटी जुळी आहेत किंवा जिचे आधीचे बाळंतपण शस्त्रक्रियेने झाले, अशा प्रत्येकीला घरचे, दारचे आणि दवाखान्यातले सारेच ‘मन शांत ठेव’ असे बजावतात, आणि ते कसे ठेवावे याची तजवीज मात्र तिच्यावरच सोपवून मोकळे होतात.

२०१६ पासून देशभर दर महिन्याच्या ९ तारखेस गर्भवतींची मोफत तपासणी होते आणि जोखमीच्या मातेच्या कार्डावर तांबडी खूण करतात. व्यवस्था उत्तम आहे, तिच्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु ती खूण डॉक्टरांना सावध करण्यासाठी असते, हे न समजल्यामुळे रावपुऱ्यातील किंवा दांडिया बाजारातील एखादी सून ती शिक्षेच्या फर्मानासारखी पदराखाली लपवून घरी नेते. आणि घरी सासूबाई, अत्यंत मायेने, तिला पलंगावरून खाली पाय ठेवू देत नाहीत. वस्तुतः सरसकट सक्त विश्रांतीने अकाली प्रसूती किंवा वाढता रक्तदाब टळतो असे वैद्यकास आढळलेले नाही. उलट दीर्घकाळ पडून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्त गोठण्याचे भय वाढते, म्हणून डॉक्टरांनी विशिष्ट कारणाने मनाई केली नसेल तर सावकाश फेरफटका, कामाटी बागेतला का होईना, हितकरच होय. डोहाळेजेवणही व्हावे, मात्र तिला चार तास ताटकळत बसवून नव्हे. डिंकाच्या लाडवांविषयी माझे मत अप्रिय आहे: ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजल्यानंतर दोन तासांनी जिची साखर १४० किंवा त्याहून अधिक भरली, तिच्यापुढे ते ठेवणे हे प्रेम नव्हे, अज्ञान आहे.

याहून निकडीची गोष्ट धोक्याच्या चिन्हांची. डोके असह्य दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, बरगडीखाली कळ, तोंडावर अकस्मात सूज, रक्तस्राव, पाणी जाणे, बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही झाले तर पहाटेची वाट न पाहता १०८ ला दूरध्वनी करून रुग्णालय गाठावे, इतके जिला निश्चित ठाऊक आहे ती इतर रात्री स्वस्थ झोपू शकते. जिला ते ठाऊक नाही ती प्रत्येक साध्या कळेने दचकून उठते. रक्तदाबाचा धोका असलेल्या काहीजणींना बाराव्या आठवड्यानंतर अॅस्पिरिनची अल्प मात्रा देतात. ती कशासाठी, हे न सांगता गोळी हातावर ठेवली, तर शेजारणीच्या सल्ल्याने ती बंद व्हावयास कितीसा उशीर?

म्हणून माझी विनंती मोठ्या खर्चाची नाही. तांबडी खूण झालेल्या प्रत्येक स्त्रीस, तिच्या पतीसह किंवा सासूसह, एका बाजूच्या खोलीत बसवून, जोखीम नेमकी कोणती आणि तीवर उपाय कोणता, हे एखाद्या अनुभवी परिचारिकेने घाई न करता सांगावे. तेच गुजराती, मराठी व हिंदी भाषांत छापलेल्या चिठ्ठीवर लिहून द्यावे. आणि रात्री शंका आल्यास कोणास विचारावे, त्या माणसाचे नाव व क्रमांक त्या चिठ्ठीवर असावा. महाराणींना जे संरक्षण रेसिडेंटाकडे मागावे लागले, ते त्यांच्या नावाच्या वास्तूत सामान्य स्त्रीस न मागता मिळावे.

येत्या महिन्याच्या ९ तारखेपूर्वी तसा लेखी हुकूम काढण्याची कृपा व्हावी.

आपला नम्र,
एक बडोदेकर