प्रश्न निधी कुठून येतो एवढाच नाही

२० जानेवारी २०२५ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी परदेशांना मिळणारी अमेरिकेची विकास मदत ९० दिवसांसाठी रोखली. १ जुलैला ‘यूएसएड’ ही संस्थाच बंद झाली. लोकशाही आणि मानवी हक्कांसाठी झटणाऱ्या अनेक देशांतल्या संस्थांचे काम एका सहीने थांबले.

आपल्याकडे ही दोरी दिल्लीच्या हातात आहे. परदेशी निधीवरचा कायदा आला १९७६ मध्ये, आणीबाणीत. २०१० मध्ये नवा कायदा झाला. २०२० च्या दुरुस्तीने एका संस्थेने आपला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देणे बंद झाले. फटका बसला तो तालुक्यातल्या लहान संघटनांना. त्याआधी डिसेंबर २०१६ मध्ये गुजरातच्या ‘नवसर्जन ट्रस्ट’ची परवानगी रद्द झाली होती. ही दलित हक्कांसाठी लढणारी संस्था.

परदेशी सरकारचा पैसा आपल्या अहिल्यानगरला नवा नाही. भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रमात जर्मन सरकारचा निधी नाबार्डमार्फत इथल्या दुष्काळी गावांत आला. बंधाऱ्यासाठी आलेल्या पैशाचे स्वागत होते. तोच पैसा जातीय अत्याचाराची नोंद ठेवायला आला, की देशाच्या बदनामीची भाषा सुरू होते.

पण फक्त सरकारला दोष देऊन भागणार नाही. २०१४ चे खर्डा प्रकरण आठवा. साक्षीदार फुटले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदार टिकवायचा तर त्याची बुडालेली मजुरी, तारखेचा प्रवास, गावातले संरक्षण वर्षानुवर्षे सांभाळावे लागते. दात्याचा प्रकल्प संपतो, खटला संपत नाही.

बाबासाहेबांनी हा पेच १९३२ मध्येच ओळखला होता. अस्पृश्यता निवारणासाठी निघालेल्या संघाचे अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला होते. बाबासाहेबांनी ठक्कर यांना पत्र लिहून विहिरी, शाळा, चावडी अशा नागरी हक्कांच्या लढ्याला प्राधान्य द्या, असे सुचवले. संघाने वेगळी वाट धरली. तो पैसा तर देशीच होता! म्हणजे खरा प्रश्न हा, की काम कोणते करायचे हे कोण ठरवतो?

कायदेशीर परवानगीने परदेशी निधी घेण्यात गैर काही नाही. मात्र अत्याचारग्रस्तांचा लढा त्यावर टांगून ठेवता येणार नाही. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १५-अ नुसार पीडित आणि साक्षीदारांना संरक्षण, प्रवासखर्च आणि निर्वाहखर्च मिळाला पाहिजे. तो प्रत्येक खटल्यात लेखी मागा. बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात उत्पन्नाचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्यायला सांगितले होते. आपण निदान जयंतीच्या वर्गणीतला एक ठरलेला वाटा तालुक्याच्या साक्षीदार निधीसाठी काढू. त्याचा हिशेब दरवर्षी विहारात सर्वांसमोर वाचला जावा. हा निधी कोणत्याही सरकारच्या सहीने थांबणार नाही.

जय भीम!