गृहारोग्य : विमानातील वैशाख

यंदा माघात आमची पुतणी चार दिवसांची रजा काढून झरी जामणीस आली. नागपूरपर्यंत विमानाने आणि तेथून वणीमार्गे मोटारीने. ओसरीवर पाऊल ठेवते न ठेवते तोच सासूबाईंनी तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळविले. "अगं, हे काय करून घेतलंस?" गालांवर पापुद्रे, ओठांच्या कडांना भेगा आणि हातांच्या पाठी तर कपाशी वेचणाऱ्या बाईच्या असाव्यात तशा खरखरीत! लागलीच स्वयंपाकघरात सभा भरली. एकीने लिंबू सुचविले, दुसरीने डाळीचे पीठ, आणि धाकट्या जाऊबाईंनी शेजारून "गोरे करणाऱ्या" मलमाची एक नळीच आणून पुढे ठेवली. त्या नळीविषयी पुढे सविस्तर लिहावयाचे आहे. वस्तुतः हा मजकूर तिच्यामुळेच लिहीत आहे.

मुलगी गेली पाच वर्षे विमानात सेविकेचे काम करते. अशा मुलींना "हवाईसुंदरी" म्हणण्याची चाल पडली आहे. मला तो शब्द रुचत नाही, कारण त्यात कामाचे नावच नाही, केवळ रूपाचे आहे. एअर इंडियात पहिल्या गरोदरपणी सेविकेने नोकरी सोडावी असा नियम होता. तो सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये रद्द केला. नियम गेला, परंतु चेहऱ्याकडे पाहून कामाची किंमत करण्याची दृष्टी समूळ गेली असे म्हणवत नाही.

आता मूळ कारणाकडे वळू. पैनगंगेच्या या काठी राहणाऱ्या आपणा वऱ्हाडी मंडळींस कोरडी हवा म्हणजे काय हे सांगावयास नको. वैशाखात आपल्याकडे वाळ्याचा कूलर खोली गार करतो आणि मुंबईस तोच कूलर नुसता घोंगावत राहतो. कारण आपली हवा तहानलेली असते, मुंबईची नसते. विमानातील हवा आपल्या वैशाखाच्या दुपारीसारखी, किंबहुना तीहूनही कोरडी असते. सुमारे ३५,००० फुटांवर बाहेरील हवा शून्याखाली ५० अंशांपर्यंत थंड असते व तीत पाण्याची वाफ जवळजवळ नसतेच. तीच हवा दाबून, उबदार करून आत सोडतात. लांबच्या प्रवासात आतील आर्द्रता बहुधा २० टक्क्यांच्या खाली राहते, कधी १० टक्क्यांच्या आसपास येते. आत जो थोडा ओलावा असतो तो प्रवाशांच्या श्वासाचा आणि घामाचा! म्हणूनच भरलेल्या विमानापेक्षा रिकामे विमान अधिक कोरडे, आणि जेथे दोनच माणसे बसतात ती वैमानिकांची खोली सर्वांत कोरडी.

त्वचेचा सर्वांत वरचा थर भिंतीसारखा असतो. मृत पेशी या विटा, आणि त्यांच्यामधील स्निग्ध द्रव्य हा चुना. चुना शाबूत असेल तोवर आतील पाणी आत राहते. तहानलेली हवा ते पाणी ओढते, आणि आपण वारंवार साबण लावून चुनाच धुऊन काढतो. पुतणीचे हात दिवसातून वीस-पंचवीस वेळा धुतले जातात. शिवाय मद्यार्काचे जंतुनाशक निराळेच. खूप पाणी प्याल्याने कातडी ओली राहते, हा समज बरोबर नव्हे. पाणी प्यावे ते तहानेसाठी. कातडीसाठी आतले पाणी अडविले पाहिजे.

ते अडविण्याची रीत फार साधी आहे. तोंड कोमट पाण्याने व सौम्य, फेस न येणाऱ्या द्रव्याने धुवावे, पुसून कोरडे ठक्क करू नये, आणि ओलसर असतानाच ग्लिसरीनयुक्त मलम लावावे. निव्वळ ग्लिसरीन कोरड्या हवेत कातडीतलेच पाणी ओढते, म्हणून वरून स्निग्ध थर हवाच. गुलाबपाण्याचे तुषार उडविण्याची पद्धत सेविकांत फार आहे. वर मलम नसेल तर ते पाणी उडून जाते आणि पदरात काही पडत नाही. अंगाला व हातांना आपले खोबरेल उत्तम. मात्र तोंडावर पुटकुळ्या येणाऱ्या मुलींनी ते टाळावे. व्हॅसलिन रात्री घरी ओठांना व टाचांना लावावे. विमानात मात्र बेताने: प्राणवायूच्या मुखवट्याजवळ तेलकट पदार्थ पेट घेऊ शकतात, म्हणून वैमानिकांनी तरी तोंडास तेलकट काही न लावणेच बरे. लिंबाचे नाव काढू नये. त्याचा रस लावून उन्हात गेल्यास चट्टे उठतात. डाळीचे पीठ सणावारी ठीक. पण पापुद्रे निघालेल्या गालावर ते खसखसा चोळणे म्हणजे जखमेस खरारा करणेच होय.

उन्हाचीही एक गोष्ट आहे. काचेतून अतिनील किरणांपैकी लांब लहरींचे किरण आत येऊ शकतात, व उंचावर ते अधिक प्रखर असतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित पाहणीत वैमानिक व विमानसेवक यांच्यात मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोग इतरांच्या सुमारे दुप्पट आढळला. पाहिलेली माणसे बहुतांशी गोऱ्या वर्णाची होती. आपल्या वर्णास तो रोग विरळा. मात्र वांग आपल्याकडे घरोघर दिसतो, आणि तो याच किरणांनी वाढतो. तेव्हा कामावर निघण्यापूर्वी ३० किंवा अधिक क्रमांकाचे ऊनरोधक मलम लावावे.

आता ती नळी. मी चष्मा लावून बारीक अक्षरे वाचली. क्लोबेटासोल! हे जोरकस स्टेरॉइड आहे. असली मलमे, तसेच बेटामेथासोन व मोमेटासोनची, ठराविक रोगांवर, ठराविक दिवस, वैद्यकीय सल्ल्याने वापरावयाची असतात. पहिले काही आठवडे चेहरा खरोखर उजळतो. पुढे कातडी पातळ होते, लाली चढते, पुटकुळ्या व लव येते, आणि मलम थांबविताच आग होते, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ मलमे चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई केली, तरी ती घरोघर फिरतातच. नाव नसलेल्या डब्यांतील मलमे याहून घातक, कारण त्यांत पारा असू शकतो. अकोल्याच्या एका घरातील तिघींची मूत्रपिंडे अशाच मलमातील पाऱ्याने बिघडल्याची हकीकत २०२३ च्या सुमारास वर्तमानपत्रांत आली होती. अकोला आपल्यापासून काही सातासमुद्रापार नाही.

मी हे वाचून दाखवीत असता पुतणी उठली आणि आपल्या पिशवीतून तशीच नळी काढून माझ्या हाती दिली. "काकू, आठ महिने लावतेय. सगळ्याच लावतात." कोणीतरी वरिष्ठाने तिला म्हटले होते, की चेहरा थकलेला दिसतो. जाऊबाई खाली मान घालून बसल्या. सासूबाई प्रथम काहीच बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "पोरीला डॉक्टरकडे न्या. आजच."

दुसऱ्या दिवशी नागपुरास त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी नळी एकदम फेकू दिली नाही. महिनोन्महिने लावलेले मलम अचानक सोडल्यास चेहरा पेटून उठतो, म्हणून त्यांनी सौम्य मलमावर आणून हळूहळू सोडण्याचा क्रम लिहून दिला आणि पूर्ववत होण्यास काही महिने लागतील असे बजावले. ज्या घरी अशी नळी सापडेल त्यांनीही हेच करावे. स्वतःच्या मनाने ना लावावी, ना थांबवावी.

पुतणी पुन्हा कामावर गेली आहे. लाली अजून पुरती उतरलेली नाही. तोंडावर रंग चढवून जावे लागते आणि रात्री तो काढताना झोंबते, असे परवाच कळवीत होती. तिच्यासोबतच्या दोघींनी आपापल्या नळ्यांवरील नावे तिला लिहून पाठविली आहेत, ती वाचण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे.